करंगळी

यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला
की विद्याश्री म्हणते, "मॅडम, सेव्ह करा."
पडद्यावर बटणाचं नाव वेगळं आहे: उळिसी.
उरव, राहू दे.
आमची शेजारीण हाच शब्द
कालच्या सारासाठी वापरते.

बावन्नाव्या वर्षी परीक्षा आहे मला.
पास झाले नाही तर बढती अडकणार.
पोरगा पुण्याहून फोनवर हसतो,
"आई, माऊस हलव, मान नको."
फॉर्म भरला. नाव, खातं, लिंग.
लिंगापुढं यादी उघडते. मी 'स्त्री' निवडते
आणि उठताना विद्याश्रीला म्हणते, "येतो गं."
इकडच्या आम्ही बायका अशाच बोलतो.
ते कुठल्या चौकोनात बसतं
कुणी विचारलेलं नाही.

दुपारी जेवणानंतर ती मला दहा बोटांचं कन्नड शिकवते.
के म्हणजे क. बी म्हणजे ब.
जोडाक्षर हवं तर मधे एफ.
आणि अक्षरात श्वास हवा असेल,
ख, घ, भ,
तर करंगळीनं शिफ्ट धरून ठेवायचा.
माझी करंगळी आखूड. घसरते.

परवा जांबोटीकडचा एक जण आला, सट्टाप्पा पाखरे.
बेळगावच्या साडीच्या दुकानाची पिशवी,
पिशवीत बापाच्या मरणाचा दाखला.
वारसा लावायचा होता. तिसरी खेप.
सर्वे नंबर जुना, मधे पोटहिस्से पडलेले.
"नाव सांगा."
"भैरू मऱ्याप्पा पाखरे."
विद्याश्रीनं टाइप केलं. नाही.
उकार बदलला. नाही.
"इल्लारी," ती म्हणाली,
"हा माणूस कॉम्प्युटरात नाही."
सट्टाप्पा म्हणाला, "आता कुठंच नाही, बाई.
म्हणून तर आलोय."

मला ते वर्ष आठवलं.
जुनी इमारत, कौलांतून कागदांवर गळणारी माती,
चार यंत्रं, आणि वरून हुकूम:
मार्चच्या आत सगळा तालुका आत घाला.
मी नवीन लागलेली, सहावा महिना,
पोट टेबलाला टेकायचं.
कन्नड अक्षरं कागदावर लिहून बटणांवर चिकटवलेली.
दोन बोटांनी मी गावंच्या गावं उचलून
त्या डब्यात ठेवत होते.
रात्री नऊ वाजता, पाय सुजलेले असताना,
करंगळीचं कोण लक्षात ठेवतं?

"शिफ्ट सोड," मी म्हटलं. "नुसता बी दाब."

बैरू.

आला. एक एकर नऊ गुंठे, नदीच्या अंगाला,
तेवीस वर्षं श्वास काढून घेतलेला.

"तुम्हाला कसं कळलं?" विद्याश्रीनं विचारलं.
शिपाई चहाचे कप गोळा करत होता.
तो जाईपर्यंत थांबले, मग सांगितलं
सट्टाप्पालाच, त्याच्याकडं न बघता,
की ही नोंद मी घातलेली.
तो थोडा वेळ दाखल्याची घडी घालत राहिला.
म्हणाला, "आजी त्याला बैरूच म्हणायची.
दात नव्हते तिला.
तुम्ही बरोबर ऐकलं असंल."

मी काहीच ऐकलं नव्हतं.
ना आजीला, ना त्या माणसाला.
वहीतलं भ मला स्पष्ट दिसलं होतं.

तरी दुरुस्तीचा अर्ज लागतोच.
प्रतिज्ञापत्र लागतंच, मग तीस दिवस.
चूक एका बोटाची,
जिने त्यानं चढायचे.
अर्ज मी स्वतः भरला. सेव्ह करायला विसरले,
लाईट गेली, पुन्हा भरला.

संध्याकाळच्या नंदगड गाडीत
मांडीवरच्या पर्सच्या कडेला
करंगळी दाबून धरली
आणि दुसऱ्या हातानं भ, भ, भ.
शेजारच्या म्हातारीनं दोन थांबे बघितलं,
मग राहवेना तिला.
"हाताला काय झालंय गं?"
"काय नाही, मावशी," मी म्हटलं,
"शिकतो."